सरळ वाणाची संगणकप्रणाली

कुंडलिका नदीने जालना शहराचे दोन भाग केले आहेत. एका तीरावर जुना जालना, दुसऱ्या तीरावर नवीन जालना. यातील 'नवीन' हा शब्दही आता चांगलाच जुना झाला आहे. 'जालना सोने का पालना' ही म्हण मराठवाड्यात आजही ऐकू येते, ती येथील व्यापारामुळे. भुसार मालाची आडत, बी-बियाण्यांचा उद्योग आणि गेल्या काही दशकांत उभे राहिलेले लोखंडी सळयांचे कारखाने या तिन्हींचे व्यवहार ज्या पेढ्यांमधून चालतात, तेथे एके काळी लाल कापडाच्या बांधणीची चोपडी आणि गादीवर बसलेले मुनीमजी हेच हिशेबाचे दोन आधारस्तंभ होते. आज चोपडीची पूजा लक्ष्मीपूजनाला होते. हिशेब मात्र संगणकात असतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटी रुपयांहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या व्यावसायिकांना आपापसांतील व्यवहारांसाठी ई-बीजक बंधनकारक झाले. त्यानंतर तर मध्यम आकाराच्या पेढीचे संगणकाविना पानही हलेनासे झाले आहे.

या स्थित्यंतरात जुन्या चोपडीचा एक गुण मात्र कोणाच्या फारसे लक्षात न येता हरवला. चोपडी पेढीची होती. ती बांधून देणारा, कागद विकणारा किंवा ती लिहिणारे मुनीमजी यांपैकी कोणीही उद्या रुसले, तरी पेढीचा हिशेब पेढीतच राहत असे. दुसरा जाणता हिशेबनीस बसवला की काम पुढे सुरू. संगणकातील हिशेबाचे तसे नाही. आकडे पेढीचे, पण ते ज्या प्रणालीत साठवलेले आहेत ती दुसऱ्याची. तिच्या आत काय आहे हे पाहण्याची मुभा नाही, तिच्यात दुरुस्ती करण्याची परवानगी नाही. उद्या तिच्या मालकाने दर वाढवले, धोरण बदलले किंवा सेवाच थांबवली तर पेढीने काय करावे, याचे उत्तर करारनाम्याच्या बारीक अक्षरांत दडलेले असते. ती अक्षरे वाचून मग स्वाक्षरी करणारा व्यापारी अद्याप जन्माला यायचा आहे.

ही भीती काल्पनिक नाही. जुलै २०२५ मध्ये गुजरातमधील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण प्रकल्प चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीवर युरोपीय संघाने निर्बंध लादले. कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा ४९ टक्क्यांहून थोडा अधिक वाटा आहे, हे त्याचे कारण. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने कंपनीच्या संगणकसेवा एकाएकी थांबवल्या. भारतीय भूमीवर, भारतीय कायद्यांनुसार चालणारी कंपनी; आणि तिच्या कर्मचाऱ्यांना स्वतःचीच ई-पत्रे उघडता येईनात. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली आणि वृत्तपत्रांतून तो विषय मागे पडला. वर्षाला दोन कोटी टन तेल शुद्ध करणाऱ्या उद्योगाला उच्च न्यायालयाची पायरी चढता आली. नवीन जालन्यातील एखाद्या बियाणे उत्पादकावर अशी वेळ आली, तर तो कोणत्या न्यायालयात जाणार?

अर्थात त्यासाठी आंतरराष्ट्रीय निर्बंधांचेच उदाहरण घेण्याची गरज नाही. मराठी समाजाने बंदिस्त प्रणालीची किंमत एकदा घरबसल्या मोजलेली आहे. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे मराठी टंकलेखनासाठी प्रत्येक कंपनीची सांकेतिक रचना वेगवेगळी होती. एका मुद्रणालयात जुळवलेला मजकूर दुसऱ्या मुद्रणालयाच्या संगणकावर उघडला की देवनागरीच्या जागी निरर्थक चिन्हांची रांगोळी दिसे. कित्येक नियतकालिकांचे, संस्थांचे आणि लेखकांचे त्या काळातील साहित्य आजही अशा जुन्या धारिकांमध्ये अडकून पडले आहे. मजकूर स्वतःचा असूनही तो वाचायला परक्याची किल्ली लागते. युनिकोड ही सर्वांना खुली असलेली सांकेतिक रचना रुळली तेव्हा ही कोंडी फुटली, आणि पुढे मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने 'मुक्ता', 'बलू' यांसारखे देवनागरी टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध करून दिले. मराठी अक्षर सुटले. मराठी व्यापाऱ्याचा हिशेब अजून सुटायचा आहे.

बियाण्याच्या गावाला ओळखीची गोष्ट

मुक्त स्रोत प्रणाली म्हणजे काय, हे इतरत्र सांगताना बरेच कष्ट पडतात. जालन्यात ते पडू नयेत. प्रत्येक संगणकप्रणालीची दोन रूपे असतात. एक, माणसाला वाचता येईल असे तिचे मूळ लेखन. दुसरे, केवळ यंत्राला उमगेल असे त्याचे रूपांतर. बंदिस्त प्रणालीच्या ग्राहकाच्या हाती फक्त दुसरे रूप पडते. मुक्त प्रणालीत मूळ लेखनही त्याच्या स्वाधीन केले जाते, आणि ते वापरण्याचा, तपासण्याचा, बदलण्याचा व इतरांना देण्याचा अधिकारही.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर हा सरळ वाण आणि संकरित वाण यांतील फरक आहे. सरळ वाणाचे बी राखून पुढच्या हंगामात पेरता येते, शेजाऱ्याला देता येते, निवड करीत करीत आपल्या मातीला मानवेल असे घडवता येते. संकरित वाणाचे बी राखून पेरले तर पुढच्या पिढीत ते गुण एकसारखे उतरत नाहीत. दर हंगामाला नवी पिशवी घ्यावी लागते. संकरित वाणाला दोष देण्याचे येथे कारण नाही. त्याने उत्पादन वाढवले, जालन्याला देशभर ओळख मिळवून दिली. पण या उद्योगाचा प्रारंभ कसा झाला, हे स्मरणात ठेवण्यासारखे आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी दिल्लीच्या कृषी प्रदर्शनात भेंडीचा 'पुसा सावनी' हा वाण पाहिला. हळद्या रोगाला दाद न देणारा हा वाण भारतीय कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे सार्वजनिक निधीतून, विकसित केला होता. तो सरळ वाण होता. जालन्यात त्याची लागवड झाली, बी वाढवले गेले, विकले गेले आणि १९६४ मध्ये 'महिको' उभी राहिली. पुढे १९९८ मध्ये बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. ज्या गावाच्या समृद्धीचे पहिले बी सर्वांसाठी खुले होते, त्या गावाला 'खुल्यातून उद्योग कसा उभा राहणार?' ही शंका पडण्याचे कारण नाही.

त्याच जालन्याने नाण्याची दुसरी बाजूही पाहिली आहे. २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाल्यानंतर बियाण्याच्या प्रत्येक पिशवीमागे परकीय तंत्रज्ञानाचे मूल्य मोजावे लागू लागले. त्या मूल्यावरून देशी बियाणे कंपन्या, तंत्रज्ञानाचे मालक आणि शासन यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालले. अखेर मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने दुसऱ्या पिढीतील बीटी कापसाच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीची कमाल किंमत ८०० रुपये आणि त्यातील तंत्रज्ञानमूल्य ४९ रुपये असे ठरवून दिले. संगणकप्रणालींच्या वार्षिक शुल्काला असा दर ठरवून देणारा कोणताही आदेश अस्तित्वात नाही.

आणखी एक साम्य कायदेपंडितांना रंजक वाटेल. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला संरक्षित वाणाचे बीही राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा, एवढेच नव्हे तर विकण्याचा हक्क दिला आहे. अट एकच, ते दुसऱ्याच्या नाममुद्रेखाली विकता येणार नाही. मुक्त प्रणालींच्या जगात नेमकी हीच रीत आहे. लेखन सर्वांचे, नाममुद्रा मात्र ज्याची त्याची.

मुंबईच्या एका कुटुंबाची निकड

आता प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळावयाचे, तर ते दूर अमेरिकेत शोधावे लागत नाही. 'ईआरपीनेक्स्ट' ही व्यवसाय व्यवस्थापनाची मुक्त प्रणाली मुंबईत जन्मली. खरेदी, विक्री, साठा, उत्पादन, हिशेब, वेतन अशा पेढीच्या सर्व अंगांची नोंद एकाच ठिकाणी ठेवणाऱ्या प्रणालींना 'ईआरपी' म्हणतात. या क्षेत्रात १९७२ मध्ये जर्मनीत स्थापन झालेल्या 'सॅप'सारख्या बलाढ्य कंपन्यांचे राज्य आहे, आणि त्यांची उत्पादने मोठ्या उद्योगांच्या तिजोरीकडे पाहून बेतलेली असतात. ऋषभ मेहता हे औद्योगिक अभियंते. कुटुंबाच्या फर्निचर व्यवसायात अशी प्रणाली बसवण्याचा त्यांचा अनुभव समाधानकारक नव्हता. तेव्हा त्यांनी स्वतःच आज्ञावली लिहावयास घेतली. २००८ मध्ये कंपनी स्थापन झाली, पुढे तिचे नाव 'फ्रॅपे टेक्नॉलॉजीज' झाले. आरंभीच्या काही वर्षांतच प्रणालीचे मूळ लेखन जगाला खुले करण्याचा निर्णय झाला.

हा इतिहास वाचताना आणखी एका भारतीय कुटुंबाची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९८६ मध्ये श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या व्यवसायासाठी मनाजोगी हिशेबप्रणाली मिळेना, म्हणून त्यांचे पुत्र भरत गोयंका यांनी ती लिहिली. तीच 'टॅली'. जालन्याच्या बाजारपेठेतील कोणत्याही हिशेबनिसाला तिची ओळख करून देण्याची गरज नाही. भरत गोयंका यांना २०२० मध्ये 'पद्मश्री'ने गौरवण्यात आले, ते सर्वस्वी उचित होते. निकड तीच, कौटुंबिक व्यवसायाची पार्श्वभूमी तीच, भारतीय बुद्धीही तीच. मार्ग मात्र भिन्न. एकाने उत्तम कुलूपबंद पेटी घडवली, दुसऱ्याने पेटीबरोबर तिचा आराखडाही देऊन टाकला.

येथे एका गैरसमजाची दखल घेतली पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपले काम 'झोहो' या भारतीय कंपनीच्या प्रणालीवर नेल्याचे जाहीर केले आणि स्वदेशी संगणकप्रणालींच्या चर्चेला देशभर उधाण आले. ते स्वागतार्हच आहे. तमिळनाडूतील खेड्यात बसून जगाला प्रणाली विकणाऱ्या कंपनीचे कौतुक कोणाला नसेल? परंतु स्वदेशी आणि मुक्त हे दोन शब्द समानार्थी नाहीत. स्वदेशी कंपनी उद्या परदेशी कंपनीला विकली जाऊ शकते. ती दर वाढवू शकते, उत्पादन बंद करू शकते. स्वदेशीच्या विचारात 'कोणी बनवले' या प्रश्नाइतकाच 'ते दुरुस्त कोण करू शकतो' हा प्रश्नही महत्त्वाचा होता. चरख्याचे सामर्थ्य तो भारतात तयार होत असे एवढ्यातच नव्हते. तो गावातल्या सुताराला दुरुस्त करता येत असे, यात ते अधिक होते.

मुक्त प्रणालीच्या चळवळीची सुरुवातही एका दुरुस्तीवरूनच झाली. अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना एका मुद्रणयंत्राच्या प्रणालीत किरकोळ सुधारणा करावयाची होती. कागद अडकला की सर्वांना सूचना मिळावी, इतकेच. मूळ लेखन देण्यास नकार मिळाला. १९८३ मध्ये त्यांनी संपूर्णपणे मुक्त प्रणाली घडवण्याचा संकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये त्यासाठी संस्था स्थापन केली. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स'चा गाभा लिहिला आणि पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. स्टॉलमन यांचे अर्धे आयुष्य इंग्रजीतील 'फ्री' या शब्दाचा अर्थ समजावण्यात गेले, कारण त्या भाषेत फुकट आणि मुक्त यांना एकच शब्द. मराठीला हा घोळ नाही. तरीही मराठी माणूस मुक्त प्रणालीची चौकशी करताना पहिला प्रश्न 'फुकट आहे ना?' असाच विचारतो, ही मात्र खेदाची बाब.

महाराष्ट्रात हा विषय योग्य मुखातून मांडला गेलाच नव्हता, असेही नाही. २८ मे २००३ रोजी पुण्यात एका माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या कार्यक्रमात तत्कालीन राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी बिल गेट्स यांच्याशी झालेल्या आपल्या चर्चेचा उल्लेख करून, भारताने बंदिस्त प्रणालींवर विसंबून राहणे दुर्दैवी असल्याचे आणि मुक्त प्रणालींची कास धरणे देशाच्या हिताचे असल्याचे स्पष्टपणे सांगितले होते. मार्च २०१५ मध्ये केंद्र सरकारने मुक्त स्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरणही जाहीर केले. कलामांच्या भाषणापासून त्या धोरणापर्यंत बारा वर्षे गेली. धोरण कागदावर उत्तमच आहे.

मग पोट कसे भरते?

मूळ लेखन वाटून टाकणारी कंपनी जगते कशी, हा व्यापारी मनाला पडणारा रास्त प्रश्न. ईआरपीनेक्स्टची मिळकत प्रामुख्याने सेवेतून होते. ज्याला स्वतःचा संगणक सांभाळण्याची कटकट नको, त्याने कंपनीच्या 'फ्रॅपे क्लाउड'वर भाडे भरून आपली प्रणाली ठेवावी. कंपनी ती चालवते, अद्ययावत ठेवते. ज्याला ते नको, त्याने सर्व काही स्वतःच्या यंत्रावर बसवावे. एक पैसाही देणे लागत नाही. दोघांना मिळणारे लेखन मात्र तेच. याच क्षेत्रातील बेल्जियमच्या 'ओडू'ने २०१५ पासून काही भाग मुक्त आणि काही महत्त्वाचे भाग केवळ सशुल्क ग्राहकांना, अशी विभागणी केली. ईआरपीनेक्स्टने असे दोन पंक्तींचे जेवण मांडले नाही, हे नमूद केले पाहिजे.

२०२० मध्ये 'झेरोधा' या दलाली संस्थेच्या 'रेनमॅटर' या शाखेने फ्रॅपेत गुंतवणूक केली. झेरोधा स्वतः ही प्रणाली वापरत होती. म्हणजे धान्य ज्या शेतातून येते त्या शेताला खत घालण्याचाच हा प्रकार. त्याच वर्षी दोन्ही संस्थांच्या पुढाकाराने 'फॉस युनायटेड' ही ना-नफा संस्था उभी राहिली; ती देशभर मुक्त प्रणालींच्या कार्यकर्त्यांना एकत्र आणते. ऑक्टोबर २०२४ मध्ये झेरोधाने जगभरातील मुक्त प्रकल्पांसाठी दर वर्षी दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. भारत केवळ घेणारा देश नाही, देणाराही आहे, हे त्यातून दिसले.

पुढील वाटचालीची दिशाही गेल्या काही वर्षांत स्पष्ट झाली आहे. एकच अवाढव्य प्रणाली फुगवत नेण्याऐवजी एकाच पायावर अनेक लहान, स्वतंत्र प्रणाली उभारायच्या. २०२२ मध्ये मनुष्यबळ आणि वेतनाचा भाग मूळ प्रणालीतून वेगळा काढण्यात आला. ग्राहकसंपर्क, तक्रारनिवारण, शिक्षण, आकडेवारीचे विश्लेषण यांसाठी स्वतंत्र प्रणाली तयार झाल्या. भारतीय करकायद्यांची पूर्तता करणारी जोडप्रणालीही वेगळी आहे, त्यामुळे कराचे नियम बदलले की सगळे घर उकरावे लागत नाही. शिवाय या सर्वांखालील पाया अधिक सैल परवान्याखाली खुला आहे. कोणीही त्यावर पूर्णतः स्वतःचे काही बांधावे.

या योजनेत धोका नाही असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. लेखनाचा फार मोठा भाग आजही एकाच कंपनीचे लोक लिहितात. तिचे मन उद्या बदलले तर? ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेच्या 'हॅशिकॉर्प'ने वर्षानुवर्षे मुक्त असलेल्या आपल्या प्रणालींचा परवाना एका रात्रीत आवळला. पण तेथेच मुक्ततेची कसोटीही लागली. परवाना पुढच्या आवृत्त्यांपुरता बदलता येतो. आधी वाटलेले बी परत मागता येत नाही. वापरणाऱ्यांनी जुन्या मुक्त लेखनावरून महिन्याभरात निराळी शाखा काढली आणि काम पुढे नेले. ईआरपीनेक्स्ट ज्या माहितीसाठ्यावर चालते, त्या 'मारियाडीबी'चा जन्मही असाच झाला. 'मायएसक्यूएल' ही प्रणाली ओरॅकलच्या ताब्यात जाणार असे दिसताच तिचे मूळ कर्ते मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्ये तिची वेगळी शाखा काढली. पहिल्या प्रणालीला त्यांनी थोरल्या मुलीचे, 'माय'चे, नाव दिले होते. दुसरीला धाकट्या मारियाचे दिले. बंदिस्त प्रणालीच्या ग्राहकाला असे दुसरे अपत्य कधीच लाभत नाही.

मोंढ्यापर्यंत पोहोचण्यासाठी

हे सारे मुंबई-बेंगळुरूत ठीक; जालन्याचे काय? येथे थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. ज्या आडत दुकानात दोन माणसे आणि एक संगणक आहे, त्याला ईआरपीची गरज नाही. साधी हिशेबप्रणाली त्याला पुरेशी आहे. गरज आहे ती मधल्या फळीला. बियाणे उत्पादक घ्या. शेकडो बीजोत्पादक शेतकऱ्यांच्या प्लॉटवरून बी येते, त्याची प्रतवारी होते, उगवणशक्ती तपासली जाते, प्रत्येक लॉटला क्रमांक पडतो. जूनमध्ये एखाद्या गावातून बी उगवले नसल्याची तक्रार आली, तर त्या लॉटचे बी कोणत्या प्लॉटचे, कोणत्या तारखेला तपासले, आणखी कोणकोणत्या विक्रेत्यांकडे गेले, हे तासाभरात सांगता आले पाहिजे. त्या तासावर कंपनीची पत आणि एखाद्या शेतकऱ्याची दुबार पेरणी अवलंबून असते. सळईच्या कारखान्यातही तेच. भंगार वितळवून भट्टीतून निघालेल्या प्रत्येक ओतणीचा क्रमांक शेवटच्या सळईपर्यंत पोहोचला पाहिजे, कारण ती सळई कोणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये जाते. वही, तक्ते आणि मुनीमजींची स्मरणशक्ती यांच्या भरवशावर हे आता निभत नाही. ईआरपीनेक्स्टमध्ये लॉटनिहाय साठ्याची आणि उत्पादनाची व्यवस्था मुळातच आहे. स्थानिक रीतीनुसार तीत फेरबदल करण्यास कोणाची परवानगी लागत नाही. शेतकऱ्याच्या हाती पडणारी पट्टी हमाली-तोलाईच्या रकान्यांसह स्वच्छ मराठीत छापून घ्यायची असेल, तर मुंबईला अर्ज करावा लागणार नाही. मराठी शब्दयोजना कृत्रिम वाटली तर तीही आपणच सुधारावी.

पण हे फेरबदल करणार कोण? खरी अडचण येथे आहे. बी सरळ असले तरी पोत्यात ठेवून उगवत नाही. जिल्ह्यातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी पदवी हाती पडताच पुण्याची वाट धरतात, आणि डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईसाठी वंदे भारत गाडी सुरू झाल्यापासून ही वाट आणखी गुळगुळीत झाली आहे. त्यांतील चार-दोघांनी जरी ही प्रणाली आत्मसात करून येथील कारखान्यांना सेवा देण्याचा व्यवसाय थाटला, तरी तो गावात चालणारा, बाहेरचा पैसा आणणारा उद्योग ठरेल; कारण जालन्यात शिकलेले काम नाशिकच्या द्राक्षबागाईतदारालाही विकता येते. शिकण्याची साधने हाताशी आहेत. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्स, पायथन आदी विषयांचे दृकश्राव्य पाठ मराठीतूनही विनामूल्य दिले आहेत, आणि ईआरपीनेक्स्ट पायथनमध्येच लिहिलेली आहे.

व्यापाऱ्याकडून अपेक्षा निराळी आहे. मूळ लेखनाला मोल पडत नाही म्हणून ते बसवणाऱ्या तरुणाला मोल देऊ नये, ही वृत्ती या सगळ्याच्या मुळावर येणारी आहे. परदेशी प्रणालीची चोरलेली प्रत बिनदिक्कत वापरायची आणि मुक्त प्रणाली बसवणाऱ्याशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करायची, हे दृश्य आपल्या बाजारपेठांना नवे नाही. घरातील मुलगा पहिला संगणक चोरीच्या प्रतीवर शिकतो आणि त्याच घरात प्रामाणिकपणावर बोधकथा सांगितल्या जातात, याचा विचार मध्यमवर्गीय पालकांनीही करावयास हवा.

सनदी लेखापालांची एक शंका मात्र गंभीर आहे. ज्या प्रणालीचे लेखन कोणालाही बदलता येते, तीत हिशेबाची फिरवाफिरवी सोपी नाही का? लेखन खुले असणे आणि हिशेब खुला असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कुलूप कसे बनते हे सर्वांना ठाऊक असले म्हणून प्रत्येकाकडे किल्ली असत नाही. तथापि पेढीच्या मालकाकडेच यंत्र असेल तर माहितीसाठ्यात थेट हात घालण्याचा मोह त्याला होऊ शकतो, हे नाकारता येत नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबप्रणालीत प्रत्येक बदलाची न पुसता येणारी नोंद राहणे कायद्याने बंधनकारक आहे आणि लेखापरीक्षकाला त्यावर अहवाल द्यावा लागतो. म्हणून यंत्राची व्यवस्था आणि हिशेबाची व्यवस्था एकाच व्यक्तीच्या हाती न ठेवणे, हा साधा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा लागेल. उलटपक्षी ही नोंद खरोखर न पुसता येणारी आहे काय, हे लेखन उघडून तपासण्याची सोय लेखापरीक्षकाला मुक्त प्रणालीतच मिळते; अन्यत्र त्याला विक्रेत्याच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवावा लागतो.

ज्यांनी मन केले असेल त्यांच्यासाठी वेळेचे गणित महत्त्वाचे. नव्या आर्थिक वर्षाची पहिली नोंद १ एप्रिलला नव्या प्रणालीत व्हावी असे वाटत असेल, तर माल, ग्राहक आणि विक्रेते यांच्या याद्या शुद्ध करण्याचे काम दिवाळीनंतर लगेच सुरू करावे लागते. एकाच वस्तूची चार नावे आणि एकाच ग्राहकाची तीन खाती निघतात, ती तेव्हाच. त्यानंतर निदान एक तिमाही जुनी व नवी प्रणाली समांतर चालवावी लागते. सळईच्या कारखान्यांना हे मानवेल. बियाण्याच्या कंपन्यांना मात्र एप्रिल ते जून हाच ऐन हंगाम. तेव्हा त्यांनी नव्या वर्षाचा हट्ट सोडून १ ऑक्टोबरचा मुहूर्त धरावा. समांतर चालणाऱ्या त्या तीन महिन्यांत हिशेबनिसाचे काम दुप्पट होते. त्याचा मोबदला आधीच ठरवलेला बरा.